सीटखालचं चोरबटण

माझ्या वडिलांची काळी मोटार भाऊ भंगारात घालणार होता. मी हट्टाने ती पेणला आणली. वडील गेल्यावर त्यांचं म्हणून माझ्याकडे एवढंच उरलं होतं. आमचे हे मला हसायचे, पण रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जाताना ऐटीत तीच घेऊन जायचे.

गाडी इतकी जुनी की किल्लीच्या जागी खिळा घातला तरी चालू व्हायची. माझ्या जिवाला कायमचा घोर. शेवटी ह्यांनी वायरमनकडून शेजारच्या सीटखाली चोरबटण बसवून घेतलं. ते बंद असलं की इंजिनाला करंट नाही. मग कितीही स्टार्टर मारा, गाडी ढिम्म. हे गुपित दोघांतच ठेवायचं, असं मी बजावलं होतं. पण ह्यांची कंबर धरलेली, वाकता येईना. धरमतरकडची एक मावशी सुकट विकायला रोह्याच्या बाजारात जायची, तिला हे वाटेत गाडीत घ्यायचे. पुढच्या सीटवर बसून बटण तीच चालू-बंद करायची. मला याचा पत्ताच नव्हता.

एका रविवारी रामवाडीत पूजेचं जेवण होतं. जेवून बाहेर आलो तर गाडी नाही. हे आपले म्हणत राहिले, बटण बंद आहे, गाडी जाईलच कशी. समोरच्या पानवाल्याने शांतपणे सांगितलं की तुमचा माणूस घेऊन गेला. त्याच्याने सुरू होईना, तेव्हा तिथेच एसटीची वाट बघत असलेल्या सुकटवाल्या मावशीने गाडी ओळखून आत बसून सुरू करून दिली आणि तीही त्याच्याबरोबर रोह्याला गेली. गाडी मागायला आलेल्याला हे कधी नाही म्हणत नसत, त्यामुळे नेहमी नवाच कोणीतरी चालवताना दिसायचा. पानवाल्याला तरी संशय यावा कसा?

मिळाली त्या एसटीत बसलो. ह्यांच्याकडे पाठ करून मी खिडकीशी बसले. वडिलांनी मला त्याच गाडीतून सासरी आणून सोडलं होतं, एवढंच सारखं मनात येत होतं. कोलाडपर्यंत रडू आवरलं, पुढे नाही आवरलं.

रोह्याला बाजाराच्या तोंडाशीच आमची गाडी उभी होती. मागे दोन टेम्पो खोळंबलेले, आणि गाडीला टेकून मावशी पहाऱ्याला. झालं होतं असं, की उतरताना तिने सवयीने बटण बंद केलं आणि टोपली घेऊन ती आपल्या जागेवर गेली. इकडे गाडी सुरू होईना, म्हणून ओळखीची माणसं धक्का द्यायला धावली आणि साहेब कुठे आहेत, तुम्ही कोण, अशा चौकशा करू लागली. पेट्रोल आणतो म्हणून गाडी नेणारा जो गेला तो गेलाच. कालवा ऐकून मावशी परत आली, तर गाडी बेवारशी.

"तुमचा डायवर पलाला," तिने ह्यांच्याकडे तक्रार केली.

तो चोर होता, असं ह्यांनी सांगितल्यावर ती मटकन खाली बसली.

"आनी मी त्याला गाडीत घेतलं म्हनून वाटाभर सुकट दिली. तीबी चांगली, निवडलेली."

मी गाडीच्या दारावर डोकं टेकून आधी रडले आणि मग हसू आवरेना. मावशीला जवळ घेतलं, तेव्हा ती माझ्या कानाशी लागली.

"गाडी मी चालू करून दिली, ह्ये पेनात कुनाला सांगू नको गो."

मी तिला शपथेवर कबूल केलं. पानवाल्याने तोवर निम्म्या पेणला सांगितलेलं असणार.