बादली आणि बाटल्या

इथे जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला, आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते. मला ती डोळ्यांसमोर नको असते. गेल्या गणपतीत तिने हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीला, पत्र लिहिलं: वरच्या घरी वीस माणसं जमतात, टाळ्या पिटून ओरडतात, धूर करतात आणि शेवटी बाल्कनीत, बादलीत एक जीव बुडवून मारतात. दीड दिवसाचा शाडूचा गणपती तो! आम्हाला लेखी ताकीद आली. अशी आणखी एक आली की घर जाऊ शकतं, आणि इथे दुसरं घर शोधताना नाकी नऊ येतात.

माझं डोकंच फिरलं. एरवी माझं जर्मन लेक तपासते, पण त्या दिवशी तेवढाही धीर नव्हता. तळघरात म्हातारीच्या खणात लाल बाटल्यांची खोकी मी स्वतः पाहिली होती. कंपनीला उलट पत्र लिहून टाकलं: ही बाई सकाळपासून पिऊन असते, तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. तशीच पोस्टात गेले आणि रजिस्टर करून आले.

संध्याकाळी लेक शाळेतल्या भाषणाची तयारी करत होती. नववीत आहे, लॅटिन शिकते. विषय होता, सुरुवातीच्या ख्रिश्चनांबद्दल रोमन लोकांनी जे लिहिलं ते कितपत खरं मानायचं. त्यांचं पाव-द्राक्षारसाचं साधं जेवण. पण त्या पाव-रसाला ते ख्रिस्ताचं ‘शरीर’, ‘रक्त’ म्हणत; तेवढेच शब्द बाहेर गेले आणि बहुधा त्यातूनच हे लोक माणसं खातात अशी आवई उठली. एका रोमन सुभेदाराने मात्र चौकशी केली. छळ करूनच केली, मेल्याने, पण केली. तेव्हा कळलं, जेवण अगदी साधंच.

“बघ! खालची तीही त्यातलीच,” मी म्हटलं. “न विचारता लिहून मोकळी!” आणि मी तिला कसा इंगा दाखवला तेही फुशारकीने सांगितलं.

लेकीचा चेहरा पडला. जर्मनमध्येच म्हणाली, “ममा, तो द्राक्षांचा नुसता रस आहे, दारू नाही. तिच्या चर्चमध्ये आबेंडमाल असतं, हेच पाव-रसाचं जेवण. त्यासाठी तीच नेऊन देते. परवा दोन खोकी मीच तिच्या गाडीत ठेवली.”

“तुला कोणी सांगितलं?”

“मी विचारलं.”

म्हातारी मला अजूनही आवडत नाही. पण रोज उठून आधी मी पत्रपेटी उघडते. दुसरी ताकीद आलीच, तर ती तिच्या पत्राने नाही, माझ्याच खोट्या आरोपाच्या पत्राने येईल.