फ्रीजसमोरची चप्पल

पेणचा मिस्त्री आमच्या गावात येत नाही, हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलं की शेवटी मलाच ते देवाच्या आरतीसारखं पाठ झालं. गाव खारेपाटातलं, धरमतरच्या खाडीच्या अंगाला. पेणच्या बाजारात दुकानदार गोड बोलून पंखा विकतो आणि तो बंद पडला की म्हणतो, "तुमच्याकडं यायचं म्हंजे अर्धा दिवस जातो, ताई. इकडंच घेऊन या." छताचा पंखा काय कडेवर घेऊन जायचा?

नवरा रोह्याला एका कंपनीत शिफ्टला. घरात काही बिघडलं की हे नेमके कामावर, नाहीतर पाळी करून झोपलेले. माझं माहेर निडीच्या बाजूचं, भाताचं आणि वालाचं. तिकडे लोखंड लोखंडासारखं राहतं. इथलं खारं वारं मात्र नवं-जुनं बघत नाही. कड्या, बिजागऱ्या, शेगडीचे पाय, सगळ्याला दोन पावसाळ्यांत गंज धरतो. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मिक्सर बंद पडला. आठ दिवस पाट्यावर वाटून माझे खांदे भरून आले, तेव्हा भाजीच्या सुरीने मी त्याचे स्क्रू काढले. आतले कार्बन झिजले होते. पेणहून नवे आणून बसवले आणि मिक्सर फिरला. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पुढे फार महागात पडला.

त्यानंतर मी थांबले नाही. नळाचे वॉशर, पंख्याचा रेग्युलेटर, इस्त्रीची वायर, पाण्याची मोटर. आमच्याकडे नळाला पाणी येतं तेच मुळी तीन-चार दिवसांआड, त्यात मोटर रुसली तर घरात हाहाकार. ती मी बंद डोळ्यांनी खोलायला शिकले. शेजारणी घरातल्या बिघडलेल्या वस्तू पदराखाली लपवून आणायच्या. "वायरमनबाई, जरा बघ गो हिला काय झालंय." मी वरवर कुरकुर करायचे आणि आतून फुगायचे. लग्नात, बारशाला हे चारचौघांत सांगायचे, "आमच्या घरात मिस्त्रीला चहा पाजायची वेळच येत नाय." मी मान खाली घालायची, पण कान तिकडेच असायचे.

फ्रीज जुना झाला तसा त्याच्या पत्र्याला करंट यायला लागला. आधी नुसत्या झिणझिण्या. टेस्टर लावला तर त्यातला दिवा पेटला. गंमत अशी की फ्रीज चालू असला की मिक्सरला हात लावला तरी झिणझिण्या, कपड्यांच्या मशीनलाही झिणझिण्या. दोन दिवस विचार करून मी कारण शोधलं. घराचं अर्थिंग, म्हणजे चुकार करंट जमिनीत उतरवणारा पाइप, मागच्या अंगणात पुरलेला होता. तो खाऱ्या मातीने खाल्ला असणार. करंटला जमिनीत जायला वाटच नाही, म्हणून तो अर्थिंगच्या हिरव्या वायरीतून घरभर हिंडतोय. निदान अगदी बरोबर होतं. एखादा शिकलेला वायरमनही दुसरं काही म्हणाला नसता.

उपाय मात्र मी माझ्या अकलेने केला. फ्रीजच्या पिनेतली हिरवी वायर कापली आणि टोकाला नीट टेप गुंडाळला. मिक्सर शांत झाला, मशीन शांत झालं. राहिला एकटा फ्रीज. त्याच्यासमोर मी ह्यांची जुनी रबरी चप्पल ठेवली. मोठ्या मापाची, कोणाच्याही पायात जाईल अशी. फ्रीज उघडायचा तर ती घालायची, की काही होत नाही. मागे खड्डा खणून नवा पाइप पुरायला वायरमन लागला असता, आणि वायरमन आमच्याकडे येत नाही हे मी कधीच ठरवून टाकलं होतं.

ती चप्पल तिथे अकरा वर्षं राहिली. आमच्या स्वयंपाकघरात देव्हारा आहे. तिथे चप्पल घालून पाऊल टाकलं तर सासूबाईंनी तंगडी मोडली असती, पण फ्रीजच्या चपलेला सगळ्यांनी सूट दिली. पाहुणे हसायचे, "देवाकडं अनवाणी आणि फ्रीजकडं चपला घालून, असं घर नाय बघितलं." आम्हीही हसायचो. ह्यांना कंपनीत बूट आणि हेल्मेट घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. सेफ्टीच्या आठवड्यात छातीवर बिल्ला लावून घरी यायचे, आणि बिल्ल्यासकट त्या चपलेत पाय सरकवून थंड पाण्याची बाटली काढायचे. त्यातही कोणाला काही वाटलं नाही. मला तर नाहीच.

वाटलं ते फक्त सुनेला. ती रोह्याची. मुलगा तिथेच नोकरीला, दोघं भाड्याच्या घरात राहतात. लग्नानंतर ती पहिल्यांदा स्वयंपाकघरात आली तेव्हा मी तिला चपलेचा नियम सांगितला. ती आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, "आई, कोणाला तरी दाखवा ना हे."

"दाखवायला काय झालंय? मी बघितलंय ना," मी म्हटलं. शेजारीण समोर बसली होती, म्हणून आणखी एक टोला हाणला. "तुमच्या रोह्यात फोन केला की माणूस येतो. हितं नाय येत. हितं आपलं आपण बघायचं असतं."

ती पुन्हा कधी बोलली नाही. आली की गुपचूप चप्पल घालायची. मला वाटलं, शिकली पोरगी.

त्यांना मुलगी झाली. दीड वर्षाची असताना उन्हाळ्यात आठ दिवस राहायला आली. तिचं येणं म्हणजे आम्हा दोघांचा सण. मी फ्रीजच्या दाराला लोहचुंबकाचा एक लाल मासा चिकटवला होता, खास तिच्यासाठी. बाजारातून मीच निवडून आणला होता.

दुपारची वेळ. सून आणि मी खाली बसून भिजवलेले वाल सोलत होतो. पोरगी मोरीत बादलीत हात बुडवून खेळत होती. कधी उठून आली ते कळलं नाही. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी ती फ्रीजपाशी गेली. एक तळवा पत्र्यावर टेकला आणि दुसऱ्या हाताने माशाला धरायला गेली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती ताठ झाली.

मला एका क्षणात सगळं समजलं. सून उठून झेपावली आणि मी किंचाळले, "तिला हात लावू नको!" आणि मी मेन स्विचकडे धावले. तो बाहेर, पडवीत. हेच बरोबर होतं, आजही मी छातीवर हात ठेवून सांगेन. करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, आधी बटण बंद करायचं असतं. पण सुनेला काय दिसलं? सासू ओरडली की पोरीला हात लावू नको, आणि पोरीला तशीच टाकून दाराबाहेर पळाली. तिने माझं ऐकलं नाही. फ्रॉक धरून तिने पोरीला ओढलं आणि दोघी मागे वालाच्या टोपलीवर पडल्या. मी मेन स्विच पाडला तेव्हा आत पोरगी रडायला लागली होती.

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयाचा कागद काढला, रात्रभर ठेवून घेतलं. पोरगी वाचली. उजव्या तळव्यावर हरभऱ्याएवढा भाजल्याचा डाग राहिला. मुलगा रोह्याहून धावत आला. त्याने आवाज चढवला नाही, मला बाजूला घेऊन विचारलं, "आई, तुला म्हाईत होतं ना?"

"व्हय," मी म्हटलं.

"मी शाळेत होतो तवापासून ती चप्पल तिथं हाय."

मी मान डोलावली. मग तो म्हणाला, "चप्पल मोठ्या माणसांच्या मापाची हाय, आई." एवढंच बोलला आणि गेला. दवाखान्यातूनच ते थेट रोह्याला गेले. तिचे कपडे, दुधाची बाटली, सगळं आमच्याकडे राहिलं. घरी आल्यावर हे मला म्हणाले, "तुझ्या हुशारीनं घात केला." रोज तीच चप्पल घालणारा माणूस हे मला म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी पेणला एका वायरमनला फोन केला. आणि तो आला! सकाळी नऊला मोटरसायकलवर, पाठीला पिशवी लावून आला. मी त्याला म्हटलं, "आमच्याकडं कोणी येत नाय म्हणतात." तो म्हणाला, "कोण म्हणतं? बोलवलं तर येतो की." मी आठवून बघितलं. अकरा वर्षांत ह्या फ्रीजसाठी मी कोणालाच बोलावलं नव्हतं. पूर्वी कधीतरी पंख्यासाठी कोणी नाही म्हणालं, त्या एका नकारावर मी माझा सगळा तोरा उभा केला होता. बोलावलं असतं तर शेजारणींनी बघितलं असतं ना, वायरमनबाईच्या घरी वायरमन!

त्याने अंगणात खणलं. पाइप ओढला तर वीतभर तुकडा हातात आला, बाकी नुसती गंजाची माती. जेवणाच्या वेळेपर्यंत नवा पाइप पुरून झाला. करंट लागला की आपोआप पडणारा स्विचही बसवून झाला. अर्धा दिवस गेला, दुकानदार म्हणायचा तेवढाच. मग त्याने फ्रीजची पिन उघडली. "ही वायर कोणी कापली?"

"मी."

त्याने टेप सोडवून बघितला. "काम साफ हाय," म्हणाला. आयुष्यभर ज्या शाबासकीसाठी मी जीव टाकला ती अशी मिळाली. मी आत जाऊन त्याच्यासाठी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहून रडले.

फ्रीज भंगारात दिला, नवा आणला, चप्पल चुलीत घातली. मग पेणहून गाडीने रोह्याला गेले. वाटेत निडीला गाडी बराच वेळ थांबली. माहेरचं स्टेशन, पण उतरावंसं वाटलं नाही. काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव चालली होती. सगळं दुरुस्त केलंय, आता या, इतकंच बोलायचं होतं.

सून नीट बोलली. चहा दिला, जेवायला वाढलं. नात बाहेरून आली, दारात बसून तिने स्वतःचे सँडल स्वतः काढले आणि भिंतीशी जोडून ठेवले. एवढीशी पोर, किती वळण लावलंय आईने, मला कौतुक वाटलं. ओट्यावर मिक्सर उघडा पडला होता. सवयीने माझा हात गेला. सून पटकन म्हणाली, "राहू द्या आई. माणूस येणार हाय." ती रागाने बोलली नव्हती. राग असता तर मी तो सहन केला असता. मी हात मागे घेतला आणि पदराला पुसला, जणू काही लागलंच होतं त्याला.

ते आले सात महिन्यांनी. मुलगा म्हणाला होता, एक दिवसासाठी येतो. मी सकाळपासून नव्या फ्रीजवर तीनदा टेस्टर लावला. दिवा पेटला नाही. अनवाणी उभी राहून ओला हात लावला, काही नाही. मुलगा आला तेव्हा त्यालाही लावायला सांगितलं. त्याने लावला आणि मान डोलावली. मला वाटलं, झालं, मिटलं.

पडवीत सगळ्यांनी चपला काढल्या. सुनेने काढल्या. नातीने सँडल काढून भिंतीशी जोडून ठेवले. मग तिने आईची पिशवी ओढली आणि आतून एक जोड बाहेर काढला. निळ्या रबरी चपला, बोटभर लांबीच्या, तिच्या मापाच्या. खाली बसून तिने त्या पायात घातल्या, उलट्या झाल्या म्हणून काढून परत घातल्या, आणि फटक फटक करत स्वयंपाकघरात निघाली.

मी सुनेकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"अगो बाळा, घरात चपला नाय घालायच्या," मी म्हटलं.

नात वळली. मला काहीच कसं माहीत नाही अशा तोंडाने तिने मला समजावून सांगितलं, "सगल्यांकडे काढायच्या. आजीकडे घालायच्या."