टायमरचं सुतक

आमच्या वणीत लग्नाच्या मांडवात जेवढी नाती जुळली असतील, त्याहून थोडी जास्तच मशीनवाल्या चाचांच्या पेचकसाने जुळवली आहेत. हे मी थट्टेने म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात जे सोयरे मिळाले, त्यांतले निम्मे पुढे काही ना काही कारणाने रुसून बसले. पण कपडे धुण्याच्या मशीनमुळे जे मिळाले, ते अजून दिवाळीला न चुकता फराळाचं ताट पाठवतात.

बस स्टँडमागच्या गल्लीत चाचांचं दुकान आहे. वॉशिंग मशीन, ड्रायर, व्हॅक्युम क्लीनर, जे फिरतं आणि फिरायचं थांबतं ते सगळं तिथे येतं. आमचं गाव कोळशाचं. रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात, आणि सकाळी घातलेला पांढरा सदरा दुपारच्या जेवणापर्यंत करडा होतो. त्यातून आमचे हे राजूरच्या खाणीत कामाला. त्यामुळे इतर गावांत मशीन जेवढं राबतं त्याच्या दुप्पट आमच्याकडे राबतं, आणि तेवढ्याच वेळा आजारी पडतं. नवीन सामान नागपूरहून यायचं म्हणजे आठवडा गेला. तोवर खाणीतले कपडे कोण हाताने घासणार? म्हणून चाचा कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या मशीनचा चांगला भाग काढून आपल्याला बसवून देतात. असं सगळेच मिस्त्री करतात. फरक एवढाच, की बाकीचे मुकाट्याने बसवतात आणि ‘नवा टाकला’ म्हणून सांगतात. चाचा मात्र त्या भागाचं कूळ, गाव, माणसं, सगळं सांगतात आणि मगच त्याला हात लावतात.

आमचा टायमर गेला तेव्हा त्यांनी पिशवीतून दुसरा काढला, फडक्याने पुसला आणि नवी सून घरात आणल्यासारखा माझ्यासमोर धरला. म्हणाले, “भाभी, हा तलाठी सायबाच्या घरचा हाये. त्यायच्या मशीनचा टब फुटला, पण टायमर शाबूत हाये. लय शिस्तीत राह्यला त्या घरी. थोडे दिवस सांभाळून घ्या याले.” मी मान डोलावली. दुसरं काय करणार? चारच दिवसांनी बाजारात मेथीची जुडी निवडताना एक अनोळखी बाई माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी काळजीने विचारलं, आमचा टायमर तुमच्याकडे बरा आहे ना. त्याच तलाठीकाकू. चाचांनी त्यांनाही रीतसर कळवलं होतं. संक्रांतीला त्या वाण घेऊन आल्या, आणि टायमर कुठे आहे म्हणून मशीनही बघून गेल्या. तेव्हापासून आमचं येणंजाणं सुरू झालं ते आजतागायत.

चाचांचे नियम फार. ज्या घरात नवराबायकोचं पटत नाही, तिथली मोटर ते नव्या जोडप्याला कधी देत नाहीत. ती भांडणं ऐकून ऐकून आधीच तापलेली असते, असं त्यांचं म्हणणं. केळापूरकडच्या एका शेतकऱ्याने घरच्या लग्नात पाहुण्यांसाठी धुतलेली मेथी ड्रायरमध्ये घालून फिरवली, आणि ड्रायर जाम करून घेतला. चाचा रागावले नाहीत. त्यांनी देठ वेचून काढले, ड्रायर चालू करून दिला आणि भाजी कशी झाली होती तेवढं विचारलं. त्यांचा राग फक्त व्हॅक्युम क्लीनरवर. आमच्या धाकट्या जावेला तो माहेरून आला होता आणि पहिल्याच महिन्यात खोकू लागला. “इकून धूळ खाते अन् तिकून ओकते,” चाचा म्हणाले, “या गावात याले कायले आणलं? झाडू काय वाईट होता?” तरी त्यांनी त्याला कोणा सुताराच्या ड्रिलच्या मोटरमधला कार्बनचा तुकडा बसवून दिला, आणि जाताना जावेला त्या सुताराचं घर दाखवून गेले.

एकदा आमच्या ह्यांनी त्यांना सरळच विचारलं, की एवढा गोतावळा कशासाठी, नवा आहे म्हणून सांगा की, कोण बघतंय. चाचांनी पेचकस खाली ठेवला. एरवी बोलता बोलता ते कधी हात थांबवत नाहीत. म्हणाले, “दुसऱ्याची चीज आपल्या घरात आली, तं तिचं नाव माहीत पाहिजे, साहेब. नाव न घेता वापरली तं ते चोरीच झाली ना.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

याचा कळस झाला तो तलाठीकाका वारले त्या दिवशी. सकाळी सकाळी चाचा दारात. डोक्यावरची टोपी हातात घेऊन म्हणाले, “भाभी, तलाठी साहेब गेले. आज मशीन नका लावू.” हे खाणीतून पाळी करून आले होते, कपडे काळेकुट्ट. मशीनला कुठे सुतक असतं का, म्हणून ते तणतणत न्हाणीघरात गेले. मलाही हसू येत होतं. पण चाचांचा चेहरा बघून मी बादली ओढली, कपडे भिजवले आणि दुपारभर हाताने घासले. संध्याकाळी काकूंकडे भेटायला गेले तेव्हा मी हे सांगितलं. काकू सकाळपासून रडल्या नव्हत्या. माझ्या खरबरीत झालेल्या बोटांकडे बघून त्यांना रडू फुटलं.

अशा या माणसाच्या डोळ्यात फूल पडलं. डावा डोळा लहानपणापासून अधू, म्हणजे सगळी भिस्त उजव्यावर. एका घरी ड्रायरच्या ब्रेकची तार सुटली आणि नेमकी त्याच डोळ्याला लागली. चाचांनी पाणी मारलं, काम पुरं केलं, चहा घेतला आणि घरी गेले. काही दिवसांनी बुबुळावर पांढरा डाग दिसायला लागला आणि मग तो वाढतच गेला. आमच्याकडे बेल्ट बदलायला आले होते, तेव्हा त्यांचा पेचकस स्क्रूच्या शेजारी टेकत होता. मी बघते आहे हे त्यांना कळलं नाही. मग एक वायर नाकाजवळ धरून त्यांनी हळूच विचारलं, “भाभी, हे लाल हाये का पिवळी?” मी लाल म्हणाले आणि स्वयंपाकघरात निघून गेले. तिथून मला बराच वेळ बाहेर येववेना.

हळूहळू बोलावणी कमी झाली. चाची सांगायच्या, आता कपात चहासुद्धा स्वतः ओतत नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हे बुबुळ काढून दुसऱ्याचं बसवावं लागेल, आणि ते मिळेपर्यंत थांबावं लागेल. म्हणजे कुणीतरी जाईपर्यंत. चाचा थांबले. एक दिवस फोन आला, घरचे घाईघाईने त्यांना घेऊन गेले आणि ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा चाचांना म्हणे खिडकीबाहेरच्या झाडाचं एकेक पान दिसलं. ही बातमी वणीत आली तेव्हा कितीतरी घरांत गोडाधोडाचं झालं. ती सगळी घरं टायमर, बेल्ट नाहीतर मोटरने एकमेकांशी बांधलेली होती, हे सांगायला नकोच.

पण दुकान काही उघडेना. महिना झाला, दुसरा लागला. डोळा बरा आहे, डॉक्टर खूश आहेत, तरी चाचा घरातच. शेवटी मी तलाठीकाकूंना घेऊन त्यांच्याकडे गेले. चाचा काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. मी म्हटलं, दुखतं का. ते नाही म्हणाले. मग चष्म्याची काडी चाचपत एकदम सांगू लागले. डोळा कोणाचा ते दवाखान्यात सांगत नाहीत. डॉक्टरांना विचारलं, नर्सला विचारलं, झाडणाऱ्या बाईलाही विचारलं. नियम आहे म्हणतात. बाई होती की माणूस, एवढंही कुणी सांगेना.

“मले फोन आला, तवा त्यायच्या घरी रडणं चालू असंल,” चाचा म्हणाले. “अन् मी इकडे शिरा खाल्ला, भाभी. चाचीनं खुशीत बनवला होता. दोन वाट्या खाल्ला.”

ते पुढे म्हणाले, की जिंदगीभर मी लोकायले नाव सांगून चीज दिली. आता माझ्याच डोक्यात बिनानावाची चीज आहे, तिनं काम कसं करू? ही तं चोरीच झाली.

काकू तोवर नुसत्या ऐकत होत्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हेतच. पदर सावरत म्हणाल्या, “चाचा, आमचा टायमर हिच्या घरी हाये. मी काही रोज पाहाले जात नाही. पण तो चालू हाये, एवढं माहीत असलं की मले बरं वाटते. तो हिनं फडक्यात गुंडाळून ठेवला असता, तं मले कसं वाटलं असतं? ज्यायनं डोळा देला, त्यायचं माणूस तं गेलं. आता डोळा तरी चालू राहू द्या.”

चाचांनी चष्मा काढला आणि काकूंकडे नीट बघितलं. तो नवा डोळा पाण्याने भरला होता. तो सगळ्या डोळ्यांसारखाच होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. चाचा पहिल्यासारखेच आहेत, पण एक खोड नवी लागली आहे. आता ते दिसेल त्याला सलाम करतात आणि घरचे सगळे बरे आहेत ना म्हणून विचारतात. चंद्रपूरकडे निघालेला ट्रक ड्रायव्हर असो, बस स्टँडवर उभी असलेली कोणी बाई असो, कुणाला सोडत नाहीत. लोक गोंधळतात. काही जण बरे आहेत म्हणतात, काही जण खरंच घरचं सगळं सांगत बसतात. मी एकदा विचारलं, चाचा, ओळख ना पाळख, काहून विचारता? ते म्हणाले, “काय मालूम भाभी, हेच घर असंल तं?”

वर्षातून एक दिवस दुकान बंद असतं. फोन आला तो दिवस. त्या दिवशी आमच्याकडेही मशीन लागत नाही, तलाठीकाकूंकडे नाही, आमच्या जावेकडे नाही. कुणाचं सुतक म्हणून शेजारपाजाऱ्यांनी विचारलं तर नाव सांगता येत नाही. यंदा मी उठून बाहेर आले, तर आमचे हे अंगणात पाटावर बसून स्वतःचे खाणीतले कपडे बादलीत घासत होते. मी दुसरी बादली घेतली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.