चाळीस मिनिटे धरणारा ब्रेक

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी मी विसरले आहे. एक रिकामी मोटार बांधावरून खाली आली आणि मी भलत्याच माणसाला आत टाकले, ती गोष्ट मात्र विसरता आलेली नाही. बाळांनो, तुम्ही तिकडे डोंगराळ गावात मोटारी चालवता, म्हणून लिहून ठेवते. नावे कोणाचीच देत नाही. बोलणे सगळे तमिळमध्ये झाले होते, इथे आपल्या मराठीत मांडते आहे.

निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. तिरुवैयारूच्या बाजूच्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होते. भातशेती, कालवे, नारळीच्या बागा, आणि जमीन ताटासारखी सपाट. उतार म्हणावा असा एकच, कावेरीच्या बांधावरून घाटाच्या पायऱ्यांकडे जाणारा रस्ता. दुपारी साडेबाराच्या सुमारास त्या रस्त्यावरून एक लाल मोटार, आत कोणी नसताना, घरंगळत खाली गेली. वरच्या पायरीवर एक बाई कपडे पिळत होती. तिची कंबर आणि दोन्ही पाय मोडले. मोटार दगडी कठड्याला टेकून थांबली.

आमच्या हेड कॉन्स्टेबलांना सगळे एट्टय्या म्हणत. त्यांनी पंचनामा केला. मोटारीचा मालक पंचविशीतला, भातगिरणीवाल्यांचा मुलगा. त्याने मोटारीत बरेच बदल करून घेतले होते. रुंद चाके, मोठा आवाज, आणि गिअरच्या शेजारी हातभर उंच लोखंडी दांडा.

"हे काय?" मी विचारले.

"हायड्रॉलिक हँडब्रेक, मॅडम. ओढला की मागची चाकं जागच्या जागी धरतात. मग वळणावर गाडी मागून घसरवता येते."

"गाडी घसरवायला ब्रेक?"

"खेळ असतो, मॅडम."

"आणि गाडी उभी करताना?"

"तेव्हाही हाच. ओढून वर खटका लावायचा. मी खटका लावूनच जेवायला गेलो होतो. आईशप्पथ."

ठाण्यात परतले तोच फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "त्या शहाळेवाल्याला विचारा. ही गाडी नदीत ढकलतो, असं ती सुटायच्या थोडं आधीच म्हणत होता."

खबर खोटी नव्हती. बांधावर एक शहाळेवाला झाडाच्या सावलीत हातगाडी लावत असे. त्या दिवशी मोटार नेमकी त्या सावलीत उभी राहिली. दोघांची बाचाबाची झाली आणि तो सगळ्यांसमोर तसे ओरडला. ऐकणारे दहाजण होते. समोरच्या मोबाइलच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात तो मोटारीच्या मागे जाताना, डिकीवर हात टेकताना दिसत होता. पाच मिनिटांनी मोटार हलली. त्या वेळी तो चित्राबाहेर होता.

मोटार वाहन निरीक्षकांनी संध्याकाळच्या आत तपासणी केली. दांडा ओढला, चाके धरली; सोडला, चाके सुटली. ब्रेकमध्ये दोष नाही, असा अहवाल दिला. चार वाजता भर रस्त्यातून जीपमध्ये बसवून शहाळेवाल्याला मीच घेऊन आले होते. अटक नोंदवली. दुसऱ्या दिवशी चारच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे होते. बाईची प्रकृती नाजूक होती. ती गेली असती तर कलम आणखी जड झाले असते आणि हा माणूस कित्येक महिने जामिनाशिवाय आत राहिला असता.

पन्नाशीचा, वाळलेला माणूस. लुंगीवर शहाळ्याच्या पाण्याचे डाग.

"डिकीवर हात का ठेवलास?"

"माझ्या हातगाडीच्या ताडपत्रीची दोरी सुटली होती, अम्मा. ती बांधायला टेकलो."

"आणि ढकललीस."

"अम्मा, चाळीस शहाळी चढवली की मला कंबर धरून बसावं लागतं. ही रणगाड्यासारखी गाडी मी ढकलू?"

एट्टय्या दारातून म्हणाले, "उतारावर काय रे, म्हातारीनं फुंकर मारली तरी जाईल."

"मग ब्रेक कशाला असतो, एट्टय्या? शोभेला?"

"तोंड चालतंय बघा, अम्मा," एट्टय्या म्हणाले.

मी त्याला फिरवून फिरवून तेच विचारले. त्याने प्रत्येक वेळी तेच उत्तर दिले, शब्दही तेच. घोटून आणले आहे, असे मी ठरवले. खोटे बोलणारा दर खेपेला थोडी भर घालतो, हे तीस वर्षांत मी शंभरदा पाहिले होते. त्या संध्याकाळी ते आठवले नाही; दमले होते, तेवढेच सांगता येईल.

सकाळी कागद न्यायालयाकडे पाठवण्यापूर्वी पंचनामा पुन्हा वाचला. एट्टय्यांचे अक्षर सुरेख. त्यात एक ओळ होती: 'दांडा ओढलेल्या स्थितीत, खटका लागलेला.' मी तो कागद हातात धरून बसून राहिले. दांडा कोणी सोडलाच नव्हता. निरीक्षक म्हणतात, ब्रेक चांगला आहे. चांगला ब्रेक लागलेली मोटार एक वाळका माणूस ढकलू शकत नाही. शहाळेवाल्याने हेच विचारले होते आणि आम्ही ते उडवून लावले होते.

हा दांडा बसवणाऱ्या मेकॅनिकला तंजावूरहून बोलावले. तो आला तो हात पुसत.

"मॅडम, काम पक्कं आहे. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी कापून मध्ये हा सिलिंडर बसवला. आधी दांडा नुसता दबायचा, धरायचा नाही. नळीत हवा राहिली होती. तीनदा हवा काढली. एका जोडातून ऑइल पाझरत होतं, तिथले तांब्याचे वॉशर बदलले. मग असा धरला की विचारू नका."

"कंपनीचा जुना हँडब्रेक कुठे आहे? तारेचा?"

"काढला. याला जागा हवी ना."

"नवा किती वेळ धरतो, पाहिलं होतंस?"

"पाहिलं की! पाच मिनिटं. जास्तच."

"एक तास?"

त्याने हातातले फडके खांद्यावर टाकले. "तार ओढली की ओढलेली राहते, मॅडम. यात ऑइलचा दाब असतो. खेळून आल्यावर सगळं तापलेलं असतं. थंड होताना दाब जरा उतरतो. पण ही गाडी खेळायची आहे."

"हे मालकाला सांगितलंस?"

"त्यानं विचारलं नाही."

मालकाला विचारले, "गाडी गिअरमध्ये का नाही ठेवलीस?"

"आपल्याकडे कोण ठेवतं, मॅडम?" त्याचे खरे होते. आमच्या सपाट मुलखात ती सवय कोणालाच नाही. माझ्या ड्रायव्हरलाही नव्हती.

अकरा वाजता दोन पंच घेऊन बांधावर गेलो. बंपर सोडला तर मोटार धड होती. घाटावरची माणसे हटवली. मालकाने आदल्या दिवशीसारखीच अर्धा तास वाळूच्या मैदानात दांडा ओढून चाके घसरवली, मग मोटार त्याच जागी उभी केली, दांडा ओढला, खटका लावला. पुढच्या चाकांपासून वीतभर अंतरावर आम्ही मोठे दगड ठेवले. मी घड्याळ पाहिले.

दहा मिनिटे. "बघा मॅडम, हलते का?" मेकॅनिक म्हणाला.

वीस मिनिटे. एक पंच म्हणाला, जेवणाची वेळ झाली. एट्टय्यांनी त्याला, "तुझं पोट चारपर्यंत थांबेल, आत बसलेला थांबणार नाही," म्हणून गप्प केले.

पस्तीस मिनिटांनी चाकाखालचा एक खडा करकरला. चाळिसाव्या मिनिटाला मोटार हलली, अगदी सावकाश, आणि दगडांना जाऊन टेकली. आत दांडा तसाच उभा, खटका तसाच लागलेला.

मालक रस्त्याच्या कडेला बसला. "मी ओढला होता, मॅडम," तो पुन्हा म्हणाला. या प्रकरणात खोटे कोणीच बोलले नव्हते. मालक नाही, मेकॅनिक नाही, निरीक्षक नाहीत, शहाळेवालाही नाही. जो तो आपण पाहिले तेवढे खरे सांगत होता, आणि मी त्यांतला एक निवडून आत घातला होता.

पंचांच्या सह्या घेतल्या. मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला. बाई वाचली, पण काठीशिवाय पुन्हा चालली नाही. साडेतीनला मी शहाळेवाल्याच्या सुटकेचा अर्ज मॅजिस्ट्रेटपुढे ठेवला.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटले, "चूक माझी झाली."

"होय अम्मा," तो म्हणाला. एवढेच. मग जीपकडे बोट दाखवून, "जीपनं नेलंत. जीपनंच सोडा. लोकांनी बघू दे."

मला ते योग्य वाटले. त्याच्या गल्लीत जीप वळली तशी बाहेर खेळणारी पोरे पळाली. त्याची बायको ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तिने जीप पाहिली, सूप तिथेच टाकले, आत गेली आणि कडी लावली. तो दारासमोर उभा राहून हाका मारू लागला, "अगं मी आहे, सुटलोय." कडी निघाली नाही. शेजारचे लोक खिडक्यांतून बघत होते, माझ्याकडे नव्हे, त्याच्याकडे. त्याने वळून मला हातानेच खूण केली, तुम्ही जा. आम्ही गेल्यावरच दार उघडले असणार.

ब्रेक पाच मिनिटांत तपासून होत नाही, हे मी त्या दुपारी शिकले. माणूसही एका संध्याकाळीत तपासून होत नाही. हे कळायला मला नोकरीची अखेर यावी लागली, यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही. उरलेल्या दोन वर्षांत कोणाची विचारपूस करायची असली, की मी जीप मोठ्या रस्त्यावर ठेवून त्याच्या घरी चालत जात असे. गुडघे दुखत. एट्टय्या मागून कुरकुरत येत. दार वाजवून मी आधी पाणी मागत असे, आणि ते पिऊन होईपर्यंत काही विचारत नसे.