शहादेवनं बंद केलेला हॉर्न

शहादेवचे कान म्हणजे त्याच्या घरातलं तान्हं पोर. सगळ्यांनी जपायचं. त्याच्या बायकोनं, केसरबाईनं, ताटं ठेवताना मधे फडकी घालायची. भाकरी थापताना बांगड्या कोपराकडं सारायच्या. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ओरडून सांगायचं. छे, ओरडायचं कसलं, जवळ येऊन सांगायचं. एवढं करून चमचा पडलाच, तर हा गडी इंगळी डसल्यासारखा उठायचा आणि बिचारीवर डाफरायचा.

एकोणीस वर्षं तो सहकारी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, होता. चात्यांच्या त्या गलबल्यात माणसं हातवाऱ्यांनीच बोलायची. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस फिरकला नाही, कापूस बोंडातच वाळला आणि गिरणीला कुलूप लागलं. "गिरणी बंद पडली, पर माझ्या कानातली चालूच हाय," असं शहादेव हसत सांगायचा. बारीक आवाज होता, रातकिड्यासारखा, उजव्या कानात जरा जास्त. खरं सांगायचं तर हातात काम असलं की तो विसरायचासुद्धा. बाहेरचे आवाज मात्र दाभणासारखे टोचायचे. केजच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "कानातला आवाज राहील, त्याच्या नादी लागू नका. आणि कानातले हे कापसाचे बोळे काढा. जितकं गप्प गप्प कराल, तितके कान हळवे होतील." शहादेवला रागच आला. "डॉक्टरचं काय जातंय सांगायला!" म्हणाला, आणि दवाखान्याच्या पायरीवरच पुन्हा बोळे घातले.

तर हे सोळा सालच्या उन्हाळ्यातलं. गाव युसूफ वडगावच्या अलीकडं, छोटंसं. गावच्या विहिरीत टँकर रिकामा व्हायचा आणि बाया पोहऱ्यानं पाणी शेंदायच्या. टँकरची वेळ म्हणाल तर कशाचा कशाला मेळ नाही. भरायच्या ठिकाणी लाईट असली तर सकाळी अकरा, नसली तर दुपारचे चार. म्हणून डायव्हर सटवा फाट्यापासून विहिरीपर्यंत हॉर्न दाबूनच यायचा. त्या आवाजावर अख्खं गाव घागरी घेऊन पळायचं. तासाभरात विहिरीचा तळ दिसायचा. उशिरा आला त्यानं गाळाकडं बघून परत जायचं.

आणि शहादेवचं घर विहिरीपासून वीस पावलांवर. हॉर्न वाजला की त्याचं डोकं दणदणायचं, पुढचे दोन तास रातकिडा चेकाळायचा. एक दिवस त्यानं सटवाला चहाला बोलावलं. सटवा पूर्वी गिरणीच्या ट्रकवर होता, शहादेवनंच त्याला चिकटवलेलं.

"सटवा, तेवढं हारन नको वाजवत जाऊ बे. जीव जातोय माझा."

"दादा, लोकायला कसं कळायचं मंग?"

"कळतंय रं. गाव केवढं हाय!"

सटवानं मान डोलावली. दादाचा शब्द कसा मोडायचा?

केसरबाईनं एकदाच विचारलं, "अवो, त्या टोकाच्या लोकायला कसं कळंल?"

"कावून? डोळे न्हाईत का त्यांला?" शहादेव खेकसला.

हॉर्न बंद झाला. टँकर दिसला की एकीनं दुसरीला हाक मारायची, तिनं तिसरीला फोन. गावाचं चाललं. कुणाचं काही अडलं नाही, असं शहादेवनं मनाशी ठरवून टाकलं आणि दुपारचा निवांत लवंडायला लागला.

दहाव्या दिवशी गावात बोंब झाली की सुभद्राबाई दारात पडलेली सापडली. सुभद्राबाई म्हणजे गावाच्या पार टोकाला, माळाकडच्या शेवटच्या घरातली म्हातारी. एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसऱ्यानं नुसत्या सावल्या दिसायच्या. हॉर्न ऐकला की काठी टेकत विहिरीवर यायची. लेक-सून पुण्याला बांधकामावर, शेजारघरालाही कुलूप. घरोघर फिरणाऱ्या आशाताईला ती दिसली म्हणून वाचली. रांजणाच्या तळाचं किडे पडलेलं पाणी पिऊन जुलाब लागले होते. दवाखान्यात सलाईन लावून तिला तिसऱ्या दिवशी घरी आणलं.

केसरबाईनं सुभद्राबाईसाठी घागर भरली, नवऱ्यापुढं ठेवली. "मी न्हाई जायची. तुमीच घिऊन जा." शहादेवला ते शिवीपेक्षा लागलं.

डोळे न्हाईत का त्यांला! वाटभर तेच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. आपल्याच जिभेची त्याला किळस आली.

सुभद्राबाई बाजेवर पडली होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पालथा रांजण. पायरव ऐकून तिनं विचारलं, "कोन हाय?"

"मी, शहादेव. पाणी आणलंय मावशी."

"बस. जवळ ये असा. कुणाला सांगनार न्हाईस ना?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "माझे कान गेले रं, शहादेवा."

त्यानं घागर खाली ठेवली.

"गुराख्याची पोरं म्हनायची, टँकर रोज येतोय. समदे पाणी भरायलेत. मी उंबऱ्यात घागर घिऊन बसून ऱ्हायचे. जवळचं बोलनं ऐकू यायचं, पर लांबचा हारन ऐकूच येईना. डोळे गेलते, आता कान बी गेले. पोराला कळलं तर हातचं काम सोडून पळत यील. म्हनून कुनापाशी बोलले न्हाई, रांजण खरवडून पीत ऱ्हायले." मग तिनं त्याचा हात चाचपून धरला. "तुझं बी कानाचंच दुखनं हाय ना? तुला बी सुरुवातीला असंच झालतं का रं?"

शहादेवच्या जिभेवर थाप तयार होती. सटवाचा हॉर्न बिघडला होता म्हणायचं, मोकळं व्हायचं. म्हातारीला कोण सांगायला येणार होतं? पण तिनं हात सोडला नव्हता.

"मावशी, तुमचे कान चांगले हायत," तो म्हणाला. "हारन वाजतच नव्हता. म्या बंद करायला लावलता. माझ्या कानाला तरास व्हतो म्हनून."

शिव्या खायची त्यानं तयारी केली होती. तिनं काठी हाणली असती तरी बरं वाटलं असतं.

"म्हंजी मला ऐकू येतंय?"

"येतंय, मावशी."

"आत्ता गं बया!" म्हातारी चक्क हसली. पदरानं डोळे पुसत हसली. "आन् मी इकडं रोज रडायले!"

शहादेवला तिथं बसवेना. तिनं माफ केलं की नाही, हेही त्याला विचारता येईना. विचारायला तिनं दोष कुठं दिला होता?

दुसऱ्या दिवशी सटवाला त्यानं फोन केला. सटवा म्हणाला, "दादा, तुमचे कान?"

"वाजव बे! फाट्यापासून वाजव."

आणि बोळे चुलीत टाकून तो सुभद्राबाईच्या उंबऱ्यात घागर घेऊन बसला. ऊन चढलं. उजव्या कानात रातकिडा चालूच होता, बाकी सगळं गप्प. इतक्यात म्हातारी ताठ झाली. तिनं बोट वर केलं.

"आला!"

शहादेवला अजून काहीच ऐकू येत नव्हतं. मग आलं. फाट्यावरनं, वळणावरनं, जवळ जवळ येत तो आवाज त्याच्या डोक्यात शिरला. त्याचे हात कानांकडं गेले, ते त्यानं खाली आणले आणि घागर उचलली.

"लई गोड वाजतोय, न्हाई रं?" सुभद्राबाई म्हणाली.

"व्हय मावशी," शहादेव म्हणाला, आणि विहिरीकडं पळत सुटला.