आख्ख्या वन्सं

आमच्या थोरल्या वन्सं नवीन माणूस भेटलं की आधी नाव विचारत नसत. त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघत, मग डोक्याच्या वर जी मोकळी जागा उरली असेल तिच्याकडं बघत, आणि ती जास्त वाटली तर नुसतं 'हं' म्हणत. स्वतः ताडमाड. गडहिंग्लजच्या बाजारात कितीही गर्दी असू दे, त्यांचा अंबाडा सगळ्यांच्या वर तरंगत पुढं जायचा. माझ्या डोक्यावरची मोकळी जागा त्यांना पहिल्याच दिवशी दिसली आणि पुढं जन्मभर त्यांनी तिच्यावरची नजर काढली नाही.

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. पोह्यांच्या बशा मी खाली ठेवल्या असतील-नसतील, वन्संनी मला हाताला धरून उठवलं, दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभं केलं आणि भरल्या बैठकीत विती टाकून मोजलं. मग धाकट्या भावाकडं वळून म्हणाल्या, "माल चांगला हाय. पन अर्धाच हाय." सगळे हसले. हेही हसले. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल, तर मी. तेव्हाची मी म्हणजे असा भोळा भोपळा, की आपला अपमान झाला हे मला हळद लागल्यावर कळलं. तेव्हा काय उपयोग.

त्या दिवसापासून मी 'अर्धी'. "अर्धे, च्या टाक." "अर्धे, पोरगं रडालंय, ऐकू येत न्हाय व्हय?" उंच व्हायचं म्हणून त्या काळात मी काय काय केलं ते आठवलं की माझं मलाच हसू येतं. दुपारी सगळे झोपले की माळ्याच्या वाशाला लोंबकळायचे. कुणीतरी सांगितलं होतं, हाडं ताणली की वाढतात. एकदा अशीच लोंबकळत होते, खाली उतरायला पायानं स्टूल चाचपडत होते, तर स्टूल लागेना. बघते तर वन्सं ते हातात घेऊन उभ्या. "लोंबल्यानं दुधी वाढतोय, मानूस न्हाय," म्हणाल्या आणि स्टूल घेऊन आत निघून गेल्या.

पण खरा दात मी धरला तो एसटीतल्या प्रसंगापासून. माझा थोरला, मिलिंद, कडेवर, वन्सं बरोबर, गडहिंग्लजहून कोल्हापूरला येत होतो. कंडक्टर आला. वन्सं म्हणाल्या, "एक आख्खं, एक अर्धं." त्यानं माझ्याकडं बघितलं, कडेवरच्या पोराकडं बघितलं. "ओ मावशी, हिच्या काखंत पोरगं हाय की." वन्सं शांतपणे म्हणाल्या, "भाऊ हाय तिचा." सगळी एसटी हसली. तिकीट शेवटी आख्खंच फाडलं; वन्संना पैसे वाचवायचे नव्हतेच, त्यांना मी अर्धी आहे हे सरकारी माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. त्या दिवशी खिडकीकडं तोंड करून मी ठरवलं, की एकदा, मरायच्या आत एकदा, कुठल्यातरी मापात ह्या बाईचं माप चुकलं पाहिजे. चारचौघांत. आणि मी तिथं हजर पाहिजे.

पुढं एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा मी मुद्दाम फोन करून विचारलं, "काय वन्सं, आता तुम्हीपण अर्ध्याच की." पलीकडून उत्तर तयार होतं. "मला पंच्याहत्तरीचं फुकट हाय. फुकट, पन आख्खी."

माझी पोरं लहान होती तेव्हा त्यांना घेऊन मी पहिली सहल काढली ती रंकाळ्यावरच्या पाळण्यांची. मिलिंद तीन वर्षांचा, धाकटी लेक तान्ही. दोन तासांच्या सहलीसाठी मी उशी घेतली, मच्छरदाणी घेतली, लिंबाच्या लोणच्याची बरणीसुद्धा घेतली. लंगोट विसरले. लेकीनं तिथं पोचताच व्हायचं ते केलं. मी रडायच्या बेतात होते, तोवर वन्संनी मला उभी केली, माझ्या नव्याकोऱ्या साडीचा निऱ्यांकडचा हात-दीड हात काठ धरला आणि टर्रकन फाडला. "तुला लागतंय किती? वरचं समदं दुमडूनच घालतीस न्हवं." पोरीला स्वच्छ केलं, बांधलं, खांद्यावर टाकलं आणि पाळण्यात जाऊन बसल्या. मी खाली, फाटक्या साडीत, लोणच्याची बरणी सांभाळत.

एक गोष्ट मात्र लिहायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई नुसतीच खाष्ट होती. हे गेले तेव्हा दहा दिवस वन्सं माझ्या मागून हलल्या नाहीत. माणसं भेटायला यायची, मी बसलेली असायचे, आणि पाठीमागं त्या. मला टेकायला भिंत लागली नाही. त्या दहा दिवसांत त्यांनी मला नावानं हाक मारली. अकराव्या दिवशी म्हणाल्या, "अर्धे, ऊठ आता, जेव." बरं वाटलं मला. पण म्हणून एसटीतलं काही माफ होत नाही.

मग मिलिंदची पोरं झाली. ओवी तीन वर्षांची आणि कबीर नुकता पाय टाकायला लागलेला, तेव्हा सूनबाईनं, केतकीनं, पुण्याच्या पलीकडच्या त्या मोठ्या पार्कात जायचं ठरवलं. तिची तयारी म्हणजे फोनवर सगळं आधी वाचून काढायचं. दूध गरम करून मिळतं का, डायपर बदलायला खोली आहे का, बाबागाडी भाड्यानं मिळते का, ओवीची झोपायची वेळ आणि बाहुल्यांच्या खेळाची वेळ एकच येते का. मी पीठ मळत ऐकत होते. आमच्या मच्छरदाणीपेक्षा ह्यात फार शहाणपण होतं असं नाही, पण असो.

"आई, हे बघा," ती वाचत म्हणाली, "छोट्यांची आगगाडी आहे. मुलाबरोबर एक मोठं माणूस बसू शकतं. पण उंच माणूस चालत नाही, आतला बोगदा बुटका आहे."

माझे हात पिठात थांबले. "किती उंच चालत नाही?"

तिनं आकडा सांगितला. मी तिला टेप आणायला लावली, दाराच्या चौकटीला धरायला लावली. मी त्या खुणेच्या खालून आरामात गेले. वन्सं गेल्या नसत्या.

"वन्संनाही नेऊ या," मी म्हणाले.

मिलिंदनं पेपर खाली केला. "आई, तुला बरं आहे ना?"

"म्हाताऱ्या झाल्या त्या. पोरांबरोबर एकदा फिरू देत." असं म्हणताना माझा आवाज इतका गोड झाला की मलाच शंका आली.

वन्संचा निरोप लगेच आला. "मी येतो. पन पोरांचं मी बघनार. अर्धीच्या हातात दिऊ नका, गर्दीत हरवंल तिच्यासकट." ओवीचा त्यांच्यावर भारी जीव. त्यांना ती 'उंच अज्जी' म्हणायची आणि मला 'छोटी आजी'. हे तिला कुणी शिकवलं ते सांगायला नको.

पार्कात पोचलो. दोन खेळ झाले, कबीर बाबागाडीत झोपला, आणि आम्ही आगगाडीपाशी आलो. दारात पुठ्ठ्याचा निळा हत्ती, त्याची सोंड आडवी. न वाकता सोंडेखालून जाईल त्यालाच आत प्रवेश. ओवीनं वन्संचं बोट धरलेलं. वन्सं नेहमीच्या ऐटीत पुढं झाल्या आणि सोंड त्यांच्या कपाळाला लागली.

दारावरचा पोरगा म्हणाला, "आजी, तुम्हाला नाही बसता येणार. उंच आहात."

"उंच हाय म्हंजे? उंच आसनं गुन्हा हाय व्हय रं?"

"बोगद्यात डोकं आपटेल. या दुसऱ्या आजी चालतील."

दुसऱ्या आजी सोंडेखालून गेल्या. केसही हलला नाही. मागं रांगेत दहा-पंधरा माणसं होती, मिलिंद होता, केतकी होती. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं एका पुठ्ठ्याच्या हत्तीनं दोन मिनिटांत करून दाखवलं. पण ओवीनं भोकाड पसरलं. "उंच अज्जी पायजे. छोटी आजी नको."

वन्सं मागं गेल्या. पदर खोचला, परत आल्या, सोंडेखाली उभ्या राहिल्या. आणि या खेपेला सोंड त्यांच्या डोक्याच्या बोटभर वर.

पोरगा गोंधळला. मी नाही गोंधळले. त्यांच्या इरकल पातळाचा काठ, जो नेहमी घोट्याच्या वर असायचा, तो जमिनीवर लोळत होता. आत गुडघे वाकवले होते बाईनं. ज्या गुडघ्यांनी त्यांना दोन वर्षं पाटावर बसू दिलं नव्हतं, तेच. मान ताठ, नजर समोर, आणि निऱ्या थरथरत होत्या.

मी गप्प बसू शकले असते. नाही बसले.

"बाळ," मी त्या पोराला म्हणाले, "त्यांच्या साडीचा काठ बघ."

त्यानं खाली बघितलं. वन्सं सावकाश, एका हातानं हत्तीचा कान धरून, सरळ झाल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अर्धे, डोळं शाबूत हायत तुझं." आणि बाकड्यावर जाऊन बसल्या. केतकीनं डायपरची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

रडत्या ओवीला घेऊन मी डब्यात बसले आणि आगगाडी सुरू झाली. पहिल्या फेरीला मी त्यांना हात केला. त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या फेरीला कबीर जागा होऊन त्यांच्या खांद्यावर चढला होता. तिसऱ्या फेरीला त्या ओरडल्या, "बोगद्यात वाक गं, डोस्कं आपटंल." सगळं बाकडं हसलं. ओवी रडायची थांबून हसायला लागली होती. गाडी थांबली तेव्हा मी त्या पोराला म्हटलं, अजून एकदा. देवळात नारळ वाढवून जे समाधान मिळालं नाही ते मला त्या डब्यात, गुडघे हनुवटीला लावून बसल्यावर मिळालं. खोटं कशाला सांगू.

परतीच्या वाटेवर कराड आलं. वन्सं एकदम म्हणाल्या, "केतके, ती मोठी गाडी हुती बघ, वर जाऊन भसकन खाली येती. तिला किती उंची लागती? त्या फोनात बघ."

केतकीनं बघून दोन आकडे सांगितले, पोरांचा कमी आणि त्यांच्याबरोबर बसणाऱ्या मोठ्या माणसाचा जास्त. वन्संनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत, आणि मग वरची मोकळी जागा.

"बसत न्हाईस," त्या समाधानानं म्हणाल्या. "पोरीला वाईच मोठी हूं दे. मग परत जाऊ. मी बाकड्यावर बसतो."

त्यानंतर दर रविवारी गडहिंग्लजहून फोन. "ओवी किती वाढली?" नाचणीचं सत्त्व आलं, घरचं तूप आलं, डिंकाचे लाडू आले. केतकीला भरून यायचं. "अज्जींचा किती जीव आहे ना पोरीवर." होता की. पण त्या लाडवांमागचं गणित ह्या घरात फक्त मला कळत होतं. ओवीची उंची भरणार होती आणि माझी भरणार नव्हती, तेही चारचौघांत, आणि त्यांना ते बघायचं होतं. मी ओवीला लाडू भरवत होते आणि मनात म्हणत होते, सावकाश गं बाई.

दीड-दोन वर्षं अशी गेली. पावसाळ्यात वन्सं आजारी पडल्या. मी गडहिंग्लजला गेले, तर दवाखान्याच्या खाटेच्या बाहेर पाय आलेले. डोळे मिटलेले होते. मी जवळ बसले तसं न उघडताच म्हणाल्या, "पोरगी कुठवर आली?"

मी हात धरून दाखवला. थोडा खालीच धरला.

एक डोळा उघडला. "खोटं बोलालीस."

मी हात वर केला.

"मग झालंच की," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या सुट्टीत जाऊ."

त्या दसऱ्याच्या आधीच गेल्या. नेहमीच्या बांबूंची तिरडी पुरेना, म्हणून पुतण्या लांब बांबू शोधत गावभर फिरला, आणि तोवर सगळे ताटकळत उभे. मापात बसल्या नाहीत त्या, आणि मी तिथं हजर होते. मला काहीच वाटलं नाही. म्हणजे जे वाटायला हवं होतं ते वाटलं नाही.

दिवाळीत मिलिंद म्हणाला, या वर्षी नको. मी म्हटलं, जायचं. ओवीला त्या मोठ्या गाडीत बसायचं होतं आणि बरोबर मोठं माणूस लागत होतं. केतकी कबीरला घेऊन होती, मिलिंदला चक्कर येते. "आई, तुम्ही नका हं, बीपी आहे तुम्हाला," केतकी मागून म्हणत होती, तोवर मी ओवीचा हात धरून रांगेत.

तिथं हत्ती नव्हता. खांबावर नुसत्या दोन रेघा, खाली पोरांची लाल आणि वर मोठ्या माणसांची पिवळी. ओवी आधी लाल रेघेपाशी उभी राहिली. भरली. मग मी खांबाला पाठ लावली. पिवळी रेघ डोक्याच्या वर होती, हे मला न बघता कळलं. मी साडीच्या आत टाचा उचलल्या. चवड्यांवर उभी राहिले तसा काठ वर आला असणार, टाचा दिसल्या असणार, ज्याला बघायच्या होत्या त्याला. दारावरच्या पोऱ्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं, रेघेकडं बघितलं.

मी उगाच जरा थांबले. मागच्या बाकड्यावर कुठलंतरी जोडपं मक्याचं कणीस खात होतं.

"चला आजी, पुढं व्हा," पोऱ्या म्हणाला.

काठ बघ म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. मी पुढं झाले.