मंगळावरची हजेरी

चांद्याला मी शाळेत मास्तर होतो तेव्हा आम्ही काही जण मिळून एक हस्तलिखित मासिक काढत होतो. माझं अक्षर चांगलं, म्हणून सगळा मजकूर मीच उतरवून काढायचो. एकच प्रत. ती घरोघरी फिरायची आणि पंधरा-वीस दिवसांनी तेलाचे डाग घेऊन परत यायची.

मासिकात माझी विज्ञानकथा क्रमशः येत होती. तिच्यातला शास्त्रज्ञ सज्जन, कुणाचं वाईट न चिंतणारा. बायको वाचायची आणि "चांगली आहे" म्हणून वही परत द्यायची.

मग जंगल खात्यातल्या माझ्या एका मित्रानं गोष्ट लिहायला घेतली. तो डेपोत लाकडं मोजणारा कारकून, शुद्धलेखनाचा पत्ता नाही. त्याच्या गोष्टीत मंगळावर चाळीस माणसांची वस्ती होती. हवेचं यंत्र बिघडतं, हवा तिसांनाच पुरणार असते. वस्तीचा प्रमुख दहा जणांना बाहेर ठेवून दार लावून घेतो. त्या दहांत त्याचा सख्खा भाऊ असतो.

बायकोनं ते वाचलं आणि दोन दिवस तिच्या डोक्यातून तो प्रमुख जाईना. जेवायला वाढताना म्हणाली, "त्यानं दार लावलं नसतं तर सारेच मेले असते ना?"

"मग काय, चांगलं केलं त्यानं?"

"चांगलं नाई केलं. पण मले त्याचा रागही येत नाई."

माझ्या शास्त्रज्ञाबद्दल तिनं कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

शेवटचा भाग माझ्याकडे देऊन मित्र गडचिरोलीकडे दौऱ्यावर गेला. त्यात प्रमुख रोज सकाळी हजेरी घेतो, चाळीसही नावांची. मेलेल्याचं नाव आलं की 'हजर' म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबतो. भावाच्या नावालाही तेवढाच, जास्त नाही. कुणाची माफी मागत नाही.

मी ते वाचलं आणि जळून गेलो. असं एक पान मला आयुष्यात सुचलं नसतं. उतरवताना मी ती हजेरी गाळली आणि त्या जागी माझी कविता घातली.

अंक फिरला. आमच्या वाचकांत एक मुसलमान शिंपी होते, फार जाणते. अंक परत देताना म्हणाले, "मास्तर, मागच्या वेळी या माणसाची भीती वाटत होती, दयाही येत होती. आता नुसता कसाई वाटून राह्यला." मला हेच हवं होतं. तरी त्यांच्या डोळ्यांत मला बघवेना.

मित्र परत आला आणि अंक चाळून शांतपणे म्हणाला, "हजेरी काऊन गाळली?"

"जागा नव्हती."

"शेवटच्या पानावर तुझी कविता हाये."

शेवटी मी म्हणालो, "तुझ्या पानाचा हेवा वाटला मले."

त्यानं एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथंच बसून आपल्या गिचमिड अक्षरात हजेरी पुन्हा लिहिली. ती त्याला पाठ होती. मी सुई-दोरा आणला आणि ते पान अंकात शिवून टाकलं. अंक पुन्हा फिरला. शिंपी तो आठवडाभर परत देईनात.

मी मित्राला विचारलं, "असा माणूस तुले जमते कसा?"

"तू तुझ्या माणसाले काही वाईट करूच देत नाई," तो म्हणाला. "अन् केलंच, तर तूच त्याले लगेच माफ करून टाकतं. माझा स्वतःले माफ करत नाई, म्हणून वाचणाऱ्याले त्याचा विचार करावा लागते."

कबूल केलं की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. पुढच्या महिन्यात त्यानं नवी गोष्ट दिली. ती मी काना-मात्रेसकट उतरवली, आणि ओळीओळीला जळत राहिलो.